तुरीच्या डाळीचे दार

आयात शुल्क, कोटा असले शब्द दिसले की आपण पान उलटतो. ते व्यापाऱ्यांचे आणि साहेबलोकांचे काम, असे वाटते. पण आपल्या घरचे वरण घट्ट की पातळ, हे पुष्कळदा याच दोन शब्दांवर ठरते.

परदेशी माल बंदरात उतरला की त्याच्या किमतीवर सरकार कर घेते, ते शुल्क. 100 रुपयांच्या मालावर 10 टक्के म्हणजे 10 रुपये, आणि ते जातात सरकारी तिजोरीत. कोट्याचे निराळे. अमुक इतके टन आले की दार बंद. मग इथे भाव चढा आणि बाहेर उतरलेला असेल, तर मधला फरक ज्याच्या हाती परवाना त्याच्या खिशात. रेशनच्या रांगेत आयुष्य गेलेल्या आपल्या माय-बहिणींना हे फोडून सांगायला नको.

आता तुरीचेच पाहू. 2015 च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या वर गेली. तो भाव पाहून पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला. 2015-16 साली देशात 25 लाख टनांच्या आसपास तूर झाली होती, ती 2016-17 साली सुमारे 48 लाख टन झाली. इकडे जुलै 2016 मध्ये सरकार मोझांबिकशी डाळी आणण्याचा पाच वर्षांचा करार करून बसले होते. हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये, बाजारात मात्र त्याहून खाली. आपल्या मराठवाड्यात-विदर्भात खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या, बारदाना संपला, पोती उघड्यावर पडली.

मग मार्च 2017 मध्ये 10 टक्के शुल्क लागले, आणि वर्षाला 2 लाख टनांचा कोटा आला तो ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये! तूर निघते डिसेंबर-जानेवारीपासून. ज्याला सावकाराचे देणे होते त्याने ती केव्हाच मिळेल त्या भावाने विकली होती. शिवाय सरकारी करारातून येणारी तूर या कोट्याच्या बाहेरच होती.

पुढे भाव चढले तसे 15 मे 2021 ला दार पुन्हा उघडले आणि मार्च 2023 मध्ये अख्ख्या तुरीवरचे 10 टक्के शुल्कही गेले.

डाळ स्वस्त व्हावी की महाग, हे आम्हाला एका वाक्यात सांगता येणार नाही. आपल्यात गावाकडचा भाऊ दोन एकर तूर करतो आणि शहरात बिगारी कामावर जाणारी त्याची बहीण तीच डाळ पाव किलो, अर्धा किलो विकत घेते. दोघांचेही पोट खरे आहे. पण तूर पाच-सहा महिने रानात उभी असते आणि शुल्क एका कागदाने रातोरात बदलते. ते मृगाच्या आधी जाहीर करून हंगामभर तसेच ठेवायला काय हरकत आहे, हे आम्हाला अजून कोणी पटवून दिलेले नाही.