रजा सहाच दिवस आहे म्हणून?

परवा वीकांताला नेवाशाला गेलो होतो. रात्री गच्चीवर शाळेतली टाळकी जमली आणि हर की दूनचा बेत ठरला. सांकरीहून ओसला गाव, मग वर साधारण साडेतीन हजार मीटर. इथवर झकास. तेवढ्यात एक जण म्हणाला, "रजा सहाच दिवस आहे रे, विश्रांतीचा दिवस उडव." झालं, माझं डोकं सटकलं!

मंडळी, ऑफिसात प्रत्येक डेडलाईनला बफर ठेवणारे आपण, आणि डोंगरात शून्य बफर? म्हणे, आपण कळसूबाई दरवर्षी चढतो. अरे, कळसूबाई १६४६ मीटर! रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही उंची लागते. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकं दुखून मळमळलं तर थांबावं, वाढलं तर खाली उतरावं. नियम एवढाच. पण तो पाळायला हाताशी दिवस लागतो.

"गाईड आहे ना" हे उत्तर नव्हे. परतीचं तिकीट खिशात घेऊन त्याला रेटतो आपणच. जून २०२४ मध्ये सहस्रतालच्या ट्रेकवर खराब हवेत ९ जण गेले. गाईड त्यांच्याही सोबत होते.

तेव्हा एक दिवस जास्त, गावातल्या वाटाड्याला त्याचेही पैसे आधीच, आणि तो "परत फिरा" म्हणाला की वाद नाही. नसेल जमत तर यंदाही कळसूबाईच. हिमालय कुठे पळून जात नाहीये.

बघा पटतंय का. नसेल तर मला धरू नका.