रिकामी जागा आणि अवतरणचिन्ह

जुन्या मोडी दप्तरांतील कागद ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस हें ठाऊकच आहे कीं, ओळभर शिरोरेघ आधीं ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत; शब्द कोठें संपला हें वाचणारानें ओळखावें. 'तोरणांतपडला' असें लिहिलें असतां कोणी वीर रणांत पडला, कीं झेंडू तोरणांत पडला, हें संदर्भच सांगे. पुढें मेजर थॉमस कँडी यांनीं १८५० मध्यें 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून मराठी वाचकांस या खुणांची ओळख करून दिली.

आज आमचीं मुलें संगणकावर बॅशसारख्या शेलला आज्ञा लिहूं लागलीं आहेत. हा वाचक मनुष्यासारखा संदर्भ जाणीत नाहीं. रिकामी जागा दिसली कीं शब्द संपला, एवढेंच तो जाणतो. 'जेऊर हजेरी' ही फाईल पुसण्यासाठीं आरएम या आज्ञेपुढें तें नांव तसेंच लिहिलें, तर तो 'जेऊर' आणि 'हजेरी' अशा दोन फाईली शोधतो. आणि 'हजेरी' नांवाची दुसरी फाईल तेथें असेल, तर निरपराध तीच नष्ट होते! पुसलेली फाईल सहसा परत मिळत नाहीं.

उपाय सोपा आहे. नांव अवतरणचिन्हांत घालावें. मात्र एकदां घालून भागत नाहीं, कारण शेल तीं चिन्हें स्वतः काढून टाकतो व आंतील मजकूरच पुढें देतो. म्हणून लिपींत, म्हणजे स्क्रिप्टमध्यें, तें नांव धारण करणारें डॉलरचिन्हांकित चल पुन्हां दुहेरी अवतरणांत लिहावें लागतें. एकेरी अवतरण येथें उपयोगी नाहीं. त्यांत डॉलरचा अर्थच लोपतो, आणि चलाचें मूल्य न मिळतां त्याचें नांव तेवढें पुढें जातें.

कित्येक म्हणतात, "नांवांत रिकामी जागा ठेवूंच नये." स्वतःच्या फाईलींपुरता हा सल्ला ठीक आहे. परंतु दुसऱ्यानें दिलेलें नांव आपल्या सोयीसाठीं मोडण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? जेऊरचा पालक आपल्या मुलाचें नांव व आडनांव जोडून लिहीत नाहीं. मग त्याच्या फाईलीनेंच तें कां करावें? चूक नांवाची नसून निष्काळजी लिहिणाराची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, चलाभोंवतीं दुहेरी अवतरण घालण्याची संवय आजच लावून घ्या. पालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं, शुद्धलेखनाची जी शिस्त वहींत हवी, तीच येथेंही हवी. वहींतली चूक गुरुजी खोडतात, येथली चूक मात्र दुसऱ्याचें काम खोडून टाकते.