लेझर, कीटण आणि मिशरीची डबी

गेल्या काही वर्षांत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचल्यात का? पूर्वी डॉक्टरांचं नाव आणि खाली 'कवळी करून मिळेल', संपलं. आता 'हिरड्यांवर लेझर उपचार, टाके नाहीत, रक्त नाही'. त्या शब्दात काय जादू आहे कोण जाणे! मोतीबिंदूपासून मूळव्याधीपर्यंत, लेझर म्हटलं की पेशंट तिथेच निम्मा बरा होतो.

लेझर वाईट असं मी म्हणत नाही. पण तो काय करतो आणि काय करत नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

म्हणजे बघा, दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो, तेच कीटण. ते हिरडीखाली उतरतं, हिरडी सुजून दातापासून सुटते आणि मधे फट पडते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. (खिसा! कुणाचा ते विचारू नका.) निरोगी तोंडात ही फट फार तर ३ मिलिमीटर असते. ५-६ झाली की ब्रश आत पोचत नाही आणि हाड झिजत राहतं. बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून आपण दात हलायला लागेपर्यंत थांबतो.

आता, दवाखान्यात बहुधा असतो तो डायोड लेझर. तो मऊ भागावर चालतो, जंतू मारतो, रक्त थांबवतो. मुळावरचं दगडासारखं कीटण मात्र त्याने निघत नाही. अर्बियम जातीच्या लेझरने निघतं, पण ते यंत्र बरंच महाग. अमेरिकेत २००४ साली सरकारी मंजुरी मिळालेली 'लॅनॅप' नावाची गाजलेली पद्धत आहे, तिच्यातही मुळं साफ करायला कंपनांचं हत्यारच वापरतात. थोडक्यात, स्केलिंग चुकत नाही. मग वरून लेझर मारून जास्तीचं काय मिळतं? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ साली सफाई हाच पहिला उपचार सांगितला आणि नुसत्या डायोड लेझरची जोड देण्याविरुद्ध मत दिलं. युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली लेझरची जोड देऊ नये असंच सुचवलं.

तरी लोक लेझरकडे का वळतात, ते मला मावशीमुळे कळलं. वय सत्तरीला आलेलं, डायबेटिस, समोरचे दोन दात हलतायत. तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला लेझरच्या तीन बैठका सांगितल्या. रक्कम ऐकून मी गार पडलो, ती मात्र खूश. "आधीच हलतायत रे, त्यात मशीनने घासलं तर हातात येतील. लेझरने घासत नाहीत ना!" सफाईनंतर दात हलतात हा समज घरोघरी आहे. हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात, ते निघालं की खरी अवस्था दिसते. हे पाच मिनिटं बसून समजावलं असतं तर?

त्याहून कमाल म्हणजे, चाळीस वर्षं मिशरी लावणाऱ्या या बाईला मिशरीबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मावशीच्या मते मिशरीने हिरड्या घट्ट होतात, रक्त येत नाही. रक्त कमी येतं हे खरंच आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि आजार झाकला जातो, आत पोखरणं चालूच. त्यात साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. मिशरी चालू ठेवून कुठला लेझर पुरा पडणार?

असो. सध्या ठरलंय ते असं: दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आधी प्रत्येक दाताचे पॉकेट मोजून कागदावर लिहून घ्यायचे, साधी सफाई करायची, तीन महिन्यांनी परत मोजायचे. तेव्हाही खोल राहिले तर पुढचं बघू. मिशरीचं घोंगडं अजून भिजत पडलंय. डबी उशीखालून फडताळात गेलीय, एवढंच.