प्रोसेसर बदलू का?

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! रूमवरचा पीसी २०१७ चा, रायझन ५ १६००. गेम अडकला की विंगमधले एक्स्पर्ट ओरडतात, "नवीन घे!" अरे, आधी दोष कोणाचा ते तरी बघा. रेझोल्यूशन कमी करूनही फ्रेम्स वाढल्या नाहीत, तर बहुधा प्रोसेसर दमलाय. वाढल्या, तर त्या बिचाऱ्याला शिव्या कशाला? ग्राफिक्स कार्ड बघा.

माझा प्रोसेसरच दमलेला निघाला. पण म्हणून बाबांकडे मदरबोर्ड, रॅमसकट पैसे मागायचे? मला नाही पटत. त्याच एएम४ सॉकेटमध्ये २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. फक्त बोर्डाच्या यादीत तो हवा आणि जुना काढण्याआधी बायोस अपडेट करायचा. (तेवढ्यात हॉस्टेलची लाईट जाऊ नये!) विंडोज ११ च्या यादीतही ५६०० आहे, १६०० नाही.

तरी घेणार सेमनंतरच. एम-थ्री राहिलाय.