‘३० डाल दो!’

लाँग वीकेण्ड, पाच जण, डिकी ठासून भरलेली. पंपावर हवावाला ‘कितना?’ विचारतो आणि आपलं ठरलेलं उत्तर: ‘३० डाल दो.’ अरे, गाडी भरलीये ते तरी बघा! बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, मी आधी तो वाचते. फुल लोडला मागच्या टायरचा आकडा बऱ्याचदा चक्क वेगळा असतो. (टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही.) हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते, तापते आणि भर एक्स्प्रेसवेवर फुटते. तपासायची टायर थंड असतानाच. खोपोलीला थांबून तापलेल्या टायरमधली ‘जास्तीची’ हवा काढणारे महाभाग असतातच! सोमवारी एकटं ऑफिसला जाताना मात्र पुन्हा रिकाम्या गाडीचा आकडा, नाहीतर गाडी उड्या मारते, टायर मधोमध झिजतो.