कॉपीने आपलीच तक्रार पुसली जाते

बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या की केंद्राच्या कुंपणाबाहेर कोण उभे असते? कुणाचा मोठा भाऊ, कुणाचा मामा, कुणाचा मित्र. खिशात गाईडची फाडलेली पाने किंवा मोबाईलमध्ये उत्तरांचे फोटो. इस्लापूरपासून लातूरपर्यंत आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिले आहे. काहींनी केलेही आहे. विचारले तर उत्तर तयार असते, "पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून."

मीही बारावीला चिठ्ठ्या नेल्या होत्या. पास झालो, अब्बूंनी मोहल्ल्यात पेढे वाटले. पुढे कॉलेजात पहिल्याच महिन्यात कळले की गणितातले मला काहीच येत नाही. खरे म्हणजे आमच्या वर्गाला वर्षभर गणिताचे नीट तासच झाले नव्हते. पण आता तक्रार कोणत्या तोंडाने करणार? माझ्या मार्कशीटवर तर गणितात पास लिहिले होते.

कॉपी हराम आहे, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि मान डोलावतो. पण ती आपले नेमके काय नुकसान करते, याचा हिशेब आपण मांडत नाही. शिक्षकाची जागा रिकामी असते, प्रयोगशाळेला कुलूप असते, आणि तरीही निकाल चांगला लागतो. मग अधिकारी म्हणतात, सगळे ठीक आहे. आपण स्वतःच्या हाताने आपल्यावरच्या अन्यायाचा पुरावा नष्ट करतो.

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. 2010 च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षा अभियान राबवले. केंद्रांवर बैठी पथके आली, बंदोबस्त लागला. निकाल एकदम खाली आला. अनेक घरांत रडारड झाली, लोक चिडलेही. पण शाळांत खरोखर किती शिकवले जाते, हे त्या निकालाने सर्वांसमोर आले. दुखणे दिसले म्हणून इलाजाची चर्चा सुरू झाली. पुढे हे काम 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखले गेले.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा त्यांनी विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. धान्य भिजणे हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ते झाकणे हा गुन्हा होता. आपल्या गावात शिक्षक नसणे हा आपल्या मुलांचा दोष नाही. पण कॉपीने ते झाकण्यात आपण सामील होतो.

आणि झाकलेले कधीतरी बाहेर येतेच. शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) घोटाळ्यात पैसे देऊन पात्र ठरलेल्या सात हजारांहून अधिक उमेदवारांवर 2022 मध्ये परीक्षा परिषदेने कारवाई केली. असे लोक उद्या कुणाच्या वर्गात शिकवणार होते? ज्यांच्याकडे महागड्या शिकवणीचा पर्याय नाही, त्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांच्याच. 2024 च्या नीट पेपरफुटीच्या चौकशीत लातूरचेही नाव आले. ज्या लातूरचा पॅटर्न मेहनतीसाठी ओळखला जातो, तिथल्या प्रामाणिक मुलांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

कुणी म्हणेल, सगळेच करतात, मग आमच्याच मुलाने का मागे राहावे? प्रश्न खोटा नाही. प्रामाणिक मुलाला खरोखर झळ बसते. म्हणून त्याला एकटे सोडून नुसता उपदेश करणे हाही अन्यायच आहे.

तर मग आपण, शिकलेले तरुण, काय करू शकतो? कुंपणाबाहेर उभे राहायला जो वेळ देतो, तो दिवाळीच्या सुट्टीपासून द्या. मोहल्ल्यात रोज संध्याकाळी दोन तास गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवा. पोरींसाठी शिकलेल्या आपांनी वेगळा वर्ग घ्यावा. वर्गात बंजारा, आदिवासी, बौद्ध, कुणाचीही मुले येऊ द्या. त्यांच्या शाळेतली खुर्चीही तितकीच रिकामी आहे. शिक्षक नसेल तर पालकांच्या सह्या घेऊन जुलैमध्येच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, मार्चची वाट पाहू नका. आणि एखादा मुलगा नापास झालाच, तर त्याच्या अब्बूंना सांगा की 2015 पासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लवकरच होते, वर्ष वाचू शकते.

यंदा धाकट्या भावाने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला काय येत नाही ते विचारा आणि त्याच्या शेजारी बसा. तो पंचेचाळीस टक्क्यांनी पास झाला तरी ते टक्के त्याचे असतील. पेढे तेव्हा वाटा.