निजण्यापुरते गाव?

जेथील माणसे रोज सकाळी पोटासाठी शहरात जातात व दिवेलागणीला परततात, त्या गावास ‘निजण्यापुरते गाव’ म्हणून हिणवण्याची रीत आहे. ते हिणवणे आम्हांस सर्वस्वी रास्त वाटत नाही. त्यासाठी इंग्लंडातील बर्कमस्टेड या लहान गावाकडे पाहावे.

लंडनच्या वायव्येस, हर्टफर्डशर परगण्यात हे गाव वसले आहे. येथे १८३७ साली आगगाडी आली. स्थानकाला लागूनच नॉर्मन काळच्या किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. लंडनचे यूस्टन स्थानक येथून सुमारे अर्ध्या तासाच्या वाटेवर असल्याने पुष्कळ रहिवासी तेथे चाकरीस जातात. अशा गावी घरांच्या किमती चढतात, गावच्याच तरुणास घर परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु रोज बाहेर जाणाऱ्यास गावाची माया नसते, हे मात्र आम्हांस मान्य नाही.

गावाजवळच्या विस्तीर्ण माळावर गुरे चारण्याचा व सरपण नेण्याचा हक्क लोकांस परंपरेने होता. १८६६ साली लॉर्ड ब्राउनलो यांच्या जहागिरीने त्यातील चारशेहून अधिक एकर जमिनीस पाच फूट उंचीचे लोखंडी कुंपण घातले. त्यास ऑगस्टस स्मिथ या गृहस्थांनी हरकत घेतली. स्मिथ यांचे घर बर्कमस्टेडचे; पण दूरच्या सिली बेटांचा कारभार त्यांच्याकडे असल्याने त्यांचा बराच काळ तिकडे जाई. तरीही गावाचा माळ त्यांनी परका मानला नाही. मार्चमधील एका रात्री त्यांच्या वतीने शंभराहून अधिक मजूर लंडनहून खास गाडीने ट्रिंग स्थानकावर उतरले, माळापर्यंत चालत गेले आणि उजाडेपर्यंत त्यांनी कुंपण उखडून व्यवस्थित रचून ठेवले! सकाळी गावकरी लोटले. माळ आपला आहे याची खूण म्हणून त्यांनी तेथील झुडपांच्या डहाळ्या तोडून घरी नेल्या. पुढे वाद न्यायालयात गेला व १८७० साली निकाल स्मिथ यांच्या बाजूने लागला.

जी आगगाडी माणसांना गावाबाहेर नेते, तिनेच त्या रात्री गावाच्या हक्काचे राखणदार आणले. दोष आगगाडीचा नव्हे.

आपल्या गोव्यातही गावकरीची, म्हणजे कोमुनिदादीची, सामाईक जमीन ही जुनी संस्था आहे. विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी अनेकांना नोकरीसाठी दूर जावे लागेल. खुशाल जा. परंतु आपल्या गावात सर्वांचे म्हणून काय काय आहे, कोणता माळ, कोणते तळे, कोणती वाट, हे आजच वडीलधाऱ्यांस विचारून घ्या. जे आपले आहे हेच ठाऊक नाही, त्यास कुंपण पडले तरी कळणार कसे?